चार क्विंटल डाळ आणि एक फोटो

"पस्तीस हजाराची तूरडाळ किती येते, मालूम आहे काय बेटा?"

गुरुजींनी हा प्रश्न मला २०१९ च्या मे महिन्यात विचारला. आर्वी तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेचं ऑफिस, कूलरमधलं पाणी संपलेलं, टेबलावर माझं कोटेशन. लोगो, माहितीपत्रक आणि पाच पानांची वेबसाइट, सगळं मिळून पस्तीस हजार. पुण्याच्या एजन्सीत असते तर याच कामाचे तिप्पट लावले असते. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायकांसोबत ही संस्था काम करते. मुलींची कॉलेजची फी भरते, शिवणयंत्रं देते, सरकारी कागदांसाठी तहसीलच्या चकरा मारते. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, आणि नाव लिहिलं तर बोट त्यांच्याकडे जाईल.

गुरुजी म्हणजे संस्थेचे खजिनदार, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. उत्तराची वाट न बघता त्यांनीच हिशोब केला. "चार क्विंटल. चाळीस घरांत दहा-दहा किलो. आता मले सांग, तुझा लोगो कोणाच्या ताटात वाढू?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. डिझाइनच्या धंद्यातल्या प्रत्येकाकडे ते असतं. अमेरिकेतल्या डॅन पॅलोटा यांचं २०१३ चं टेड भाषण तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं असेल. त्यांचा मुद्दा असा की कंपनीने जाहिरातीवर खर्च केला तर आपण त्याला गुंतवणूक म्हणतो आणि संस्थेने केला तर उधळपट्टी. संस्थेने वरखर्चात किती वाचवले हे आपण मोजतो, काम किती केलं हे मोजत नाही. मी हेच माझ्या शब्दांत गुरुजींना सांगितलं. पस्तीस हजार लावा, त्यातून दोन लाख येतील, मग डाळ किती येईल ते मोजा. गुरुजी हिशोबी माणूस. त्यांना ते पटलं.

मी जिंकले, आणि जिंकले म्हणून पुढचा विचार केला नाही. गुरुजींचा प्रश्न पैशांचाच आहे असं मी धरून चालले होते.

आमच्या जिल्ह्यात असा प्रश्न विचारला जाणं साहजिक आहे. वर्ध्यात वाढलेल्या मुलांना साधेपणा शाळेच्या सहलीतूनच मिळतो. सेवाग्रामला बापूकुटी बघायची, आत वाकून जायचं, चटई, छोटं डेस्क आणि तीन माकडं बघून बाहेर यायचं. मनात पक्कं बसतं की चांगलं काम मातीच्या भिंतीत होतं आणि रंगरंगोटी करणाऱ्यांच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं. नागपूरला उपयोजित कला शिकायला गेले तेव्हा हे ओझं मी सोबत नेलं होतं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत पुन्हा सेवाग्रामला गेले आणि पहिल्यांदा त्या भिंतीकडे नीट पाहिलं. मीराबेननी मातीत उठावाचं काम केलेलं आहे, ताडाची झाडं, चरखा, ॐ. लहानपणी दहा वेळा बघूनही ते मला दिसलं नव्हतं. तिथे सजावट आहे. फक्त ती भिंतीच्याच मातीची आहे.

नंतर वाचत गेले तसं कळत गेलं की गांधींइतकी डिझाइनची जाण असलेला पुढारी विरळा. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा सजावटीसाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. देशातला त्या काळचा अव्वल चित्रकार. बांबू आणि गावात मिळेल ते सामान वापरून त्यांनी ते अधिवेशन उभं केलं. पुढे, १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला पुन्हा नंदलालच. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शेकडो पोस्टर केली. शिंपी, सुतार, ढोल वाजवणारे, दळण-कांडण करणाऱ्या बाया, सगळे आपापल्या कामात गुंतलेले. खेड्यातून बैलगाडीने आलेल्या माणसाला मांडवात शिरताना आपल्यासारखीच माणसं दिसावीत, अशी ती योजना होती.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला वर्ध्यात मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधींनी केलं. ग्रामोद्योगातल्या वस्तू नीट मांडून दाखवायच्या, म्हणजे बघणाऱ्याला त्या घ्याव्याशा वाटतील. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी हातकागद, तेलघाणी, वनस्पती तेलावर जळणारा 'मगन दीप' अशा वस्तूंवर खपत होते. चरखा संघ खादीला प्रमाणपत्र द्यायचा, 'प्रमाणित खादी' ही पाटी बघून लोक दुकानात शिरायचे. आजच्या भाषेत याला ब्रँडिंगच म्हणतात. आमच्या जिल्ह्याला ब्रँडिंगचं वावडं आहे असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. गांधींचा चष्माच बघा. कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी २०१४ मध्ये त्याचं स्वच्छ भारतचं चिन्ह केलं आणि तो गावोगावच्या भिंतींवर, शौचालयांच्या दारांवर पोचला. (त्याच्या तीन वर्षं आधी, २०११ मध्ये, सेवाग्राममधला गांधींचा चष्मा चोरीला गेल्याची बातमी आली होती. चिन्ह सगळीकडे आणि वस्तू गायब. पण तो विषय वेगळा.)

म्हणजे चांगलं डिझाइन ही चैन आहे, हा आक्षेप माझ्यापुरता निकालात निघालेला होता. वाईट डिझाइनही फुकट नसतं. चुकीचा फोन नंबर छापलेलं पत्रक, वाचताच न येणारा फॉर्म, कोणाला कळलाच नाही असा कार्यक्रम, याचेही पैसे जातात, फक्त ते वहीत दिसत नाहीत. कायद्यालासुद्धा वहीतलंच दिसतं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. आमच्या गुरुजींच्या संस्थेला परदेशातून रुपयाही येत नाही, पण वरखर्च म्हणजे पाप, ही हवा सगळीकडे सारखीच वाहते.

तर मी काम घेतलं. आणि पहिल्याच आठवड्यात फोटो काढायला गेले.

गाव सांगत नाही. काकूंचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, ओट्यावर सावलीसाठी बांधलेली पराटीची ताटी. मी येणार म्हणून काकूंनी अंगण सारवलं होतं आणि हिरवी साडी नेसली होती, काठाला बारीक जर असलेली. केसांना तेल. चहा झाला. त्या मस्त बोलत होत्या. बोअरवेलवाल्याने कसं फसवलं ते सांगताना त्याची नक्कल केली आणि आम्ही सगळे खो खो हसलो.

मी कॅमेरा काढला, व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं, आणि माझ्या डोक्यातल्या एजन्सीने सांगितलं की हा फोटो चालणार नाही. हिरवी साडी घालून हसणाऱ्या बाईला कोण देणगी देणार?

सोबत आलेल्या कार्यकर्तीच्या कानात मी म्हणाले, "काकूंना विचार ना, रोजची एखादी साडी नेसतील का? थोडी जुनी." कार्यकर्तीने विचारलं. काकूंचा चेहरा जरासा बदलला. त्या काही न बोलता आत गेल्या आणि विटकी, पदराला ठिगळ लावलेली साडी नेसून आल्या. मी त्यांना नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोखाली बसवलं. म्हणाले, काकू, खाली बघा. हसू नका. दाराचा उजेड चेहऱ्याच्या एका बाजूला पडत होता. तांत्रिकदृष्ट्या माझा त्या वर्षातला सगळ्यात चांगला फोटो.

मी संमतीपत्रावर सही घेतली होती. मराठीत होतं, वाचून दाखवलं होतं. नंतर कित्येक महिने मी स्वतःला हेच सांगत राहिले, की सही आहे. पण ज्या संस्थेने तुमच्या मुलीची कॉलेजची फी भरलेली आहे, तिचा माणूस कागद घेऊन दारात उभा राहिला तर तुम्ही नाही म्हणाल? नाही म्हणायची सोय नसलेल्या माणसाच्या होकाराला होकार म्हणावं का, हे मला आजही नीट उलगडलेलं नाही. कायद्याने तो होकार असेलही. काकू आत गेल्या तेव्हाची त्यांची पाठ मला आठवते, आणि ती होकार देणाऱ्या माणसाची वाटत नाही.

पत्रक छान झालं. वेबसाइट छान झाली. पैसे आले. दोन लाख नाही, पण गुरुजींनी मला स्वतः फोन करून आकडा सांगावा इतके. आवाजात आनंद होता. त्या वर्षी अकरा मुलींची फी त्यातून भरली गेली. या ओळीवरून पटकन पुढे जाऊ नका, कारण खरी अडचण तिथेच आहे. फोटो खोटा होता आणि फी खरी होती.

दिवाळीनंतर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. काकूंची मुलगी, वर्ध्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. पत्रक पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत तिच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचलं होतं. "ही तुझी आई ना?" असं कोणीतरी विचारलं. वाईट हेतूने नसेलही. ती चार दिवस कॉलेजला गेली नाही. मला ती रागाने बोलली नाही, रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, ते लुगडं आम्ही पोतेऱ्यासाठी काढून ठेवलं होतं. तुम्ही आईले हसताना पाह्यलं नाही काय?"

पाहिलं होतं.

पत्रक करताना माझ्यासमोर एकच वाचक होता, पुण्या-मुंबईत बसलेला देणगीदार. ते पत्रक वर्ध्याच्या एका वर्गातही उघडलं जाईल, हे माझ्या गणितात नव्हतं. फोटोतली माणसं फोटो बघत नाहीत असं आम्ही गृहीत धरून चालतो. छापील अहवालांच्या काळात कदाचित ते खरं असेल. आता फोटोतल्या माणसाच्या हातातही स्मार्टफोन आहे.

त्या काळात मी पुन्हा सेवाग्रामचं वाचायला घेतलं, थोडं स्वतःपासून पळायला म्हणून. आणि कनू गांधी भेटले. गांधींच्या नात्यातला हा तरुण आश्रमात कार्यालयाचं काम करायचा. त्याला फोटो काढायची इच्छा झाली. गांधींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि या उद्योगासाठी आश्रम पैसे देणार नाही. कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये घनश्यामदास बिर्लांनी दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आला. गांधींच्या शेवटच्या दहाएक वर्षांतलं आपल्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं, त्यातलं पुष्कळसं या माणसाने टिपलेलं आहे.

मी या अटी वहीत लिहून काढल्या आणि एकेक करून स्वतःला लावून पाहिल्या. पहिल्या दोन अटींत मी सरळ नापास. फ्लॅश नव्हता वापरला, पण तेवढ्याने काय होतं. फ्लॅश नको म्हणजे समोरचं जगणं कॅमेऱ्यासाठी विस्कटायचं नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. मी तर साडी बदलायला लावली होती.

आणखी एक गोष्ट वाचली. फेब्रुवारी १९४४, पुण्यातला आगाखान पॅलेस, कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या. कनू तिथे होते. गांधींनी फोटो काढू दिले नाहीत. त्या फोटोने देश किती हलला असता याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. प्रचाराचं मोल गांधींइतकं कोणाला कळत होतं? तरीही नाही.

तिसरी अट मात्र मला सरळ स्वीकारता येत नाही. आश्रमाचा पैसा फोटोवर जाऊ नये हे ऐकायला स्वच्छ वाटतं, पण पैसा तर गेलाच, फक्त बिर्लांच्या खिशातून. न्यूयॉर्कची 'चॅरिटी: वॉटर' ही संस्था असंच करते. लोकांची देणगी पूर्णच्या पूर्ण पाण्याच्या कामाला, आणि ऑफिस, पगार, डिझाइन यांचा खर्च वेगळ्या श्रीमंत देणगीदारांकडून. तिचं डिझाइन जगभर नावाजलं जातं. पण ज्या संस्थेला बिर्ला भेटत नाही तिने काय करायचं? आर्वी तालुक्यातल्या गुरुजींना असा धनिक कुठून मिळणार? साधेपणा परवडायलाही कधी कधी श्रीमंत मित्र लागतो. आणि ज्यांच्याकडे चांगला डिझाइनर आहे त्यांच्याकडे देणगी जाते, ज्यांच्याकडे नाही त्यांचं काम तितकंच चांगलं असूनही कोणाला कळत नाही. मदत गरजेच्या मागे न जाता देखणेपणाच्या मागे जायला लागते. या धंद्यात राहून मी त्या वाहत्या पाण्यात रोज हात धुते, हे मान्य करायला हवं.

मी गुरुजींना जाऊन सांगितलं की तो फोटो काढून टाकू. सगळं सांगितलं, साडीसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या फोटोनं अकरा पोरी शिकल्या. हिरव्या साडीतल्या फोटोनं सहाच शिकल्या असत्या, तर उरलेल्या पाच पोरींच्या घरी कोण जाईल सांगायले? तू जाशील?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. आजही माझ्याकडे दोनच अर्धी उत्तरं आहेत. एक, त्या पाच मुलींची फी ही माझी आणि गुरुजींची जबाबदारी होती आणि आम्ही ती गुपचूप काकूंच्या चेहऱ्यावर टाकली. काकूंनी ती घ्यायची तयारी दाखवली असती तर गोष्ट वेगळी. पण आम्ही असं विचारलंच नव्हतं, आम्ही फक्त साडी बदला म्हणालो. दुसरं उत्तर दोरलीत सापडतं.

दोरली आमच्याच जिल्ह्यातलं गाव. २००५ च्या डिसेंबरात कर्ज आणि नापिकीने टेकीला आलेल्या गावकऱ्यांनी अख्खं गावच विक्रीला काढलं, तशी पाटी लावली. देशभरातले पत्रकार तिथे पोचले. पुढच्या वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यातल्या वायफडलाही गेले, आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या एका पाटीने हे घडलं असा दावा मी करत नाही, पाटीमागे शेकडो मरणं होती. पण डिझाइनचा धंदा करणारी म्हणून मी त्या पाटीकडे बघत राहते. दोरलीकरांनीही आपलं दुःख मांडलं होतं. थोडं नाटकही केलं होतं, गाव काही खरंच विकता येत नाही. तरी त्या पाटीची कोणाला लाज वाटली नसावी, कारण काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. काकूंच्या फोटोतलं सगळं मी ठरवलं होतं.

फोटो आम्ही काढला. वेबसाइटवरून गेला, पीडीएफमधून जाणार नाही, ते कुठेकुठे फिरत असेल. पुढच्या वर्षी करोना आला, त्यामुळे देणग्या कमी झाल्या त्या फोटोमुळे की टाळेबंदीमुळे हे आम्हाला कधीच कळणार नाही. गुरुजींना यातला 'कधीच कळणार नाही' हा भाग फार छळतो.

त्यानंतर मी त्या संस्थेसाठी एक काम केलं, त्याबद्दल सांगते. घरातल्या शेतकऱ्याने आत्महत्या केली तर राज्य सरकार एक लाख रुपये देतं, तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पण प्रकरण आधी 'पात्र' ठरावं लागतं. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, थकीत होतं का, वसुलीचा तगादा होता का. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, बँकेचा दाखला. तेरवी व्हायच्या आत बाईने हे कागद गोळा करायला लागायचं असतं. संस्थेकडे यासाठी एक टाइप केलेला कागद होता, झेरॉक्सची झेरॉक्स, बारीक अक्षर, सरकारी मराठी. मी त्याचं एक मोठं पान केलं. कोणता कागद कोणत्या टेबलावर मिळतो, कोणाला भेटायचं, काय विचारायचं, कोणता कागद नसेल तर प्रकरण अपात्र होऊ शकतं. प्रत्येक कागदाचं चित्र, खऱ्या कागदासारखंच दिसणारं, शिक्का कुठे असतो तेही दाखवलेलं. काकू आणि आणखी तीन बायका ते तपासायला बसल्या. 'वारस' शब्द मोठा करा, असं त्यांनी सांगितलं, कारण तिथेच सगळं अडतं. तलाठ्याचं चित्र बघून काकू म्हणाल्या, "हा लईच गरीब चेहऱ्याचा काढला." चेहरा बदलला.

या पानावर माझे बारा दिवस गेले. लोगोपेक्षा जास्त. ते कोणत्या देणगीदाराला दिसणार नाही, त्यातून रुपया येणार नाही. मी बिल पाठवलं, गुरुजींनी ते बघून सही केली. डाळीचा हिशोब या वेळी केला नाही. मीच विचारलं, गुरुजी, या वेळी किती किलो? ते म्हणाले, "चूप बस."

गेल्या उन्हाळ्यात काकूंकडे गेले होते. मुलगी आता नागपूरला नोकरीला आहे, माझ्याशी बोलते, पण जपून. काकूंनी स्वतःहून म्हटलं, "कॅमेरा आणला असंल तर एक काढ." हिरवी साडी नेसल्या. मी काही सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच खुर्ची अंगणात नेली, कडुनिंबाखाली, आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावून फोन हातात धरला, म्हणजे फोटोत तीही येईल. फोनच्या स्क्रीनवर उजेड पडला, मुलीचा चेहरा नीट आलाच नाही. मी मोठा करून, फ्रेम करून पाठवला.

गुरुजींनी तो त्यांच्या घरी पाहिला आणि मला विचारलं, नव्या पत्रकात हा घेता येईल काय. मी म्हणाले, काकूंना विचारा. त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "तो घरचा आहे."

नवं पत्रक त्या फोटोशिवाय छापायला गेलं आहे.